घरपट्टी नावावर करून घेताना

आमची क वर्ग नगरपरिषद. वडील गेले तरी घरपट्टीचं बिल त्यांच्याच नावानं येत राहिलं. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बहिणींची संमती, थकबाकी नसल्याची पावती असं सगळं कर विभागात दिलं. बाबूंनी कागद फायलीत सारले आणि म्हणाले, "साहेब आले की बघू." पोच मागितली, तर "पोच कशाला, आम्ही आहोत ना!" हे "आम्ही आहोत ना" ऐकलं की समजावं, काम लांबणार.

बाहेर भिंतीवर, कपाटामागे अर्धा झाकलेला एक फलक होता: सेवा, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे सेवा देण्याची जबाबदारी ज्याची तो), अपिलीय अधिकारी. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे तो लावावाच लागतो. वारसाहक्कानं नोंद ही सेवा त्यात होती. मोबाइलवर फोटो काढला आणि तोच अर्ज 'आपले सरकार' या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरला. लगेच अर्ज क्रमांक मिळाला. खरी पोच ती, कारण मुदत तिथून मोजतात.

मुदत उलटली तशी फलकावरच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील टाकलं. त्यासाठी 30 दिवस असतात. सुनावणीची वेळच आली नाही, बाबूंचाच फोन, "दादा, उतारा घेऊन जा."

एक मात्र लक्षात असू द्या. हा घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, नोंद फक्त करापुरती. सिटी सर्व्हे असेल तर मिळकत पत्रिकेवरचं (प्रॉपर्टी कार्डवरचं) नाव भूमी अभिलेख कार्यालयातून वेगळं बदलावं लागतं. आमचा तो अर्ज सध्या तिकडे आहे, अर्थात पोच घेऊनच.