धर्मांतराचे आत्मचरित्र अभ्यासावे कसे?

नाशिकमध्ये राहून धार्मिक आत्मचरित्रांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'पासून आरंभ करावा, असे मी आग्रहाने सांगेन. १८६८ मध्ये त्यांचा जन्म झाला ते गोदाकाठचे जलालपूर शहराला लागूनच आहे आणि पुस्तक १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी सहज पाहता येते.

पहिले वाचन झरझर उरकावे. दुसऱ्या वेळी मात्र वहीच्या डाव्या पानावर घटनेचे साल आणि उजव्या पानावर लेखनाचा काळ लिहावा. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. टिळक १९१९ मध्ये निवर्तले आणि पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. म्हणजे नवऱ्याच्या धर्मांतराने कोसळलेली तरुण बाई आपल्याला भेटते ती स्वतः ख्रिस्ती झालेल्या, वैधव्य आलेल्या वृद्धेच्या तोंडून. मी प्रथम वाचताना हा फरक विसरलो आणि उतारवयातली समजूत तरुणपणीच्या मनावर लादून बसलो. सगळे टिपण पुन्हा करावे लागले. म्हणून प्रत्येक उताऱ्यापुढे, हे तेव्हाचे दुःख की नंतरची जाण, एवढे तरी लिहावेच.

त्यानंतर एकच शब्द धरून पुस्तकभर चालावे. मी 'सोवळे' धरला होता. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यापासून, माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, या स्वतःच्या निर्णयापर्यंत लक्ष्मीबाई कशा पोहोचतात, हे त्या एका शब्दाच्या वाटेने दिसते, आणि त्यांचे धर्मांतर बाप्तिस्म्याच्या आधीच स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी सुरू झाले होते, हे माझे मत त्यातूनच बनले.

तुलनेसाठी संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मनिवेदन घ्यावे. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनरी अभ्यासकाने १९२९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करताना त्याला आत्मचरित्र म्हटले. बहिणाबाई मात्र या जन्माआधीचे बारा जन्मही सांगतात. तिथे 'मी' एका देहापुरता नाही, म्हणून डाव्या पानावरचे साल इथे अपुरे पडते. त्या जागी, कोणता जन्म आणि ऐकणारा कोण, असे लिहावे. पूर्वजन्मांची हकीकत ऐकणारा त्यांचा मुलगा आहे, ही नोंद सर्वांत आधी करावी.