सकाळी बस उचलत नाही, हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) मारला की लगेच चालू (माझा अनुभव)

फोंडा-मडगाव लाइनची जुनी बस, मेकॅनिकल पंपवाली. दिवसभर एकदम ओके, पण रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. डिझेल फिल्टर बदलले, फीड पंपाचे (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) वॉल्व बदलले, फरक शून्य, डोकं फिरायची पाळी आली. खाली थेंबभर डिझेल नाही आणि तिथेच सगळे फसतात, कारण टाकी ते फीड पंप ही ओढणारी बाजू, तिथे लीक असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि रात्रभरात लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं.

आधी फीड पंपाच्या इनलेटला पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू ठेवलं, बारीक बुडबुडे दिसले, म्हणजे लीक टाकीकडे. पाइप सोडवली तर चेसिसच्या क्लॅम्पखाली गंजून सुईच्या टोकाएवढं भोक, आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत हे होतंच. नळी काढून नवीन पाइप टाकली, बँजो बोल्टला (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी नवीन तांब्याचे वॉशर (जुने परत लावू नका). मग फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) ढिला करून प्रायमर मारत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल आलं की मारता मारताच स्क्रू आवळायचा. आता पहिल्या सेल्फला उचलते.

कॉमन रेल गाडीत (नवीन, खूप जास्त दाबाची डिझेल सिस्टम) मात्र इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचे नट ढिले करू नका, ते डिझेल कातडीत घुसतं.