आठव्या महिन्यात सांगली ते महाबळेश्वर: उशी, पट्टा आणि पुढची सीट

आमच्या घरात गाडीची पुढची सीट अण्णांची. अण्णा म्हणजे माझे सासरे. गाडी घेतली त्या दिवसापासून ते तिथंच बसतात, त्यावर कधी बोलणं झालेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत वाई-महाबळेश्वरला जायचं ठरलं तेव्हा मला एकतिसावा आठवडा चालू होता, आणि घरात सगळ्यात आधी जो प्रश्न कुणीच उघड विचारला नाही तो म्हणजे, हिला बसवायचं कुठं?

त्याआधी डॉक्टरांचं सांगते, कारण त्यांनी होकार दिला नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. बाईंनी बीपी बघितलं, शेवटची सोनोग्राफी बघितली आणि तीन गोष्टी विचारल्या. वार (प्लासेंटा) खाली आहे का, मधे कधी अंगावरून लाल गेलंय का, पहिलं बाळ दिवस भरायच्या आधी झालं होतं का. तिन्हींना नाही म्हटलं. जुळं नाही, बीपी ठीक. मग म्हणाल्या, जा, पण एका जागी मुक्काम करा, रोज नवं गाव नको. यातल्या एकाला जरी हो असतं तर मी घरी मशीनवरच बसले असते. (मी ब्लाउज शिवते. हे पुढं कामाला येणार आहे.) माझ्या आईचं म्हणणं वेगळंच, आठव्यात वेस ओलांडू नये, नदी तर अजिबात नको. सांगलीतून पेठ नाक्याकडे निघायचं तर पहिल्या दहा मिनिटांतच कृष्णा ओलांडावी लागते, त्याला आता काय करणार? सासूबाईंनी आयर्विन पुलावर गाडीतूनच हात जोडले आणि विषय मिटला.

सीटचं शेवटी असं ठरलं. मी मधल्या रांगेत डाव्या खिडकीशी. पुढची सीट वाईट नाही. वळणांवर मळमळ कमी होते. पण पुढं बसायचं तर सीट जाईल तितकी मागं सारायची, पोट आणि डॅशबोर्ड यांच्यात भरपूर जागा हवी, आणि मग आमच्या गाडीत मागच्याचे गुडघे मोडतात. डावी खिडकी एवढ्याचसाठी, की दार रस्त्याच्या कडेला उघडतं. अंगावर येणाऱ्या ट्रकच्या बाजूला पोट घेऊन उतरायचं काही कारण नाही.

गाडीच्या सीटचा एक दोष आहे, तो एरवी कळत नाही. ती मागच्या बाजूला खोल असते. बसलं की ढुंगण खाली आणि गुडघे वर, पोट मांड्यांवर दाबतं, कमरेच्या खाली मणका ठणकायला लागतो. म्हणून मी पाचर उशी शिवली. जुन्या गोधडीच्या चिंध्या घेतल्या, सीटच्या रुंदीची पिशवी शिवली, मागच्या कडेला चार बोटं जाडी आणि पुढं येईपर्यंत सपाट. कापूस भरू नका, तासाभरात बसतो. चिंध्या घट्ट कोंबून मधे दोन आडव्या शिवणी मारल्या की त्या सरकत नाहीत. ही उशी खाली घातल्यावर कंबर गुडघ्यांच्या किंचित वर येते. कमरेच्या पोकळीत एक टॉवेल गुंडाळून. एवढ्या दोन वस्तूंनी जो फरक पडला तो कुठल्याच विकतच्या कमरेच्या पट्ट्याने पडला नव्हता.

चढा-उतरायचं तंत्रही आहे. एक पाय आत टाकून मग वाकायचं नाही. पाठ सीटकडे करून आधी बसायचं, मग दोन्ही गुडघे जोडून एकदम आत फिरवायचे. उशीवर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी टाकली की अंग सहज फिरतं. आत बसल्यावर मात्र ती काढून घ्या, नाहीतर ब्रेकला पुढं घसराल. उतरताना उलट. जांघेच्या मधल्या हाडात कळ येत असेल तर हे गुडघे जोडणं फारच महत्त्वाचं.

आता सीटबेल्ट. सासूबाई म्हणाल्या, पट्ट्याने बाळ दबेल, राहू दे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पट्टा लावायचाच, फक्त जागा बरोबर हवी. खालचा पट्टा पोटाच्या खाली, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवरून, मांड्यांना लागून. पोटावरून कधीच नाही. वरचा पट्टा दोन छातींच्या मधून येऊन पोटाच्या कडेने खाली जाणारा. सैल नको. खालचा पट्टा सारखा वर सरकत होता, कारण मी जाड सुती काफ्तान घातलं होतं आणि त्याचा चोळामोळा मधे येत होता. कापड पोटाखालून सपाट ओढून मग पट्टा लावला की तो जागेवर राहतो.

कपड्यांचं निघालंच आहे तर, पोटावर नाडी नको. सलवारीला रुंद इलास्टिक लावा आणि ते पोटाच्या खाली बसेल असं किंवा पोट पूर्ण झाकेल असं, मधोमध कापणारं नको. चपला एक नंबर मोठ्या, मागून पट्टा असलेल्या. दुपारनंतर पाय सुजतात, सकाळी बसलेली चप्पल संध्याकाळी चढत नाही. दोन्ही पायांना सारखी सूज येणं नेहमीचं. पण एकाच पोटरीला सूज, दुखणं, हाताला गरम लागणं, हे मात्र नेहमीचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. या दिवसांत रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते आणि तासन्‌तास बसून राहिल्याने त्यात भर पडते. म्हणूनच थांबायचं.

आणि खरी लढाई तिथंच असते. सांगली ते वाई साधारण दीडशे किलोमीटर. घरातल्या पुरुषांच्या डोक्यात एकच आकडा, किती वाजता पोचणार. आमचे हे म्हणाले, कराडला चहा, साताऱ्याला जेवण, झालं. मी म्हटलं, दर सव्वा तासाला गाडी थांबणार, आणि मधे मी थांबा म्हटलं की पण थांबणार, का ते मी सांगणार नाही. हे निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांसमोर बोलून घ्या. गाडीत बसल्यावर बोलायला गेलं की ती कुरकुर वाटते. आणि दर वेळी "मला लागलीय" असं सासऱ्यांच्या पाठीमागून मोठ्याने सांगावं लागलं तर बाई पाणी पिणंच सोडते. मी पहिल्या वेळी तेच केलं होतं. पाणी तोडायचं नाही, त्याने लघवीला जळजळ होते आणि कळाही येऊ शकतात. या खेपेलाही ते एकदा झालंच, तो किस्सा येतोच पुढं.

थांबल्यावर नुसतं उतरून उभं राहू नका, पाच मिनिटं चाला. गाडीत असताना घोटे गोल फिरवा, पंजे वर-खाली करा, मी शिलाई मशीनचं पायडल मारल्यासारखे मारत होते.

संडासाचं स्पष्ट लिहिते. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह वापरायला पेट्रोल भरायची अट नसते, बिनधास्त जा. स्वच्छता मात्र नशिबावर. आठव्यात उकिडवं बसणं एक वेळ जमतं, उठणं जमत नाही. मोठी, कुटुंबं थांबतात ती हॉटेलं धरा, तिथं बहुधा एक तरी कमोड असतो. ननंदेला दाराबाहेर उभी करायची, दार नुसतं लोटून घ्यायचं, कडी लावायची नाही. ओली फरशी असेल तर आत शिरायच्या आधी पाय टेकवून बघायचं. पोटामुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत, हे इतरांच्या लक्षातच येत नाही.

खाण्याचं थोडक्यात. भडंग घरून नेलं, लसूण-मिरची बेतानं टाकून. राजगिऱ्याचे लाडू, केळी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. हायवेवरची मिसळ मी एक घास खाल्ली आणि उंब्रजपर्यंत घशाशी आंबट येत राहिलं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. पसरणीच्या घाटासाठी आलेपाकाची वडी तोंडात, काच थोडी खाली, नजर लांबच्या वळणावर, मोबाईल बंद. घाटात भरल्या पोटाने चढायचं नाही आणि रिकाम्यानेही नाही.

गाडी नसेल तर? एसटी असेल तर दोन चाकांच्या मधली सीट बघा, शेवटच्या बाकावर कुणी फुकट नेलं तरी बसू नका. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच. मला विचाराल तर साताऱ्यापर्यंत रेल्वे सगळ्यात सोयीची, उठून चालता येतं आणि संडास डब्यातच. रात्रीच्या लांबच्या प्रवासाला गरोदर बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तिकीट काढताना विचारायचा.

राहायचं आम्ही वाईत ठरवलं. वर महाबळेश्वरला दिवाळीत गर्दी, आणि दवाखान्याच्या दृष्टीनंही खालचं बरं. वाईत ग्रामीण रुग्णालय आहे आणि मोठं काही लागलं तर सातारचं जिल्हा रुग्णालय पस्तीसेक किलोमीटरवर. खोली फोनवर ठरवताना "तळमजलाच द्या" असं दोनदा सांगितलं. पोचलो तर तळमजलाच होता, फक्त तो चौदा पायऱ्या चढून. मालकाला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. तेव्हा विचारायचं ते असं: गाडीपासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? कमोड आहे का? गरम पाणी किती वाजता? उशा घरून दोन न्या, एक गुडघ्यांच्या मधे, एक पोटाखाली, डाव्या कुशीवर.

फिरण्यात मी एकच हिशेब धरला, दिवसाला एक जागा, तीही सकाळी. पहिल्या दिवशी मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आरामात बघता येतो, पण मागच्या घाटाच्या पायऱ्या झिजलेल्या, उंच-सखल. मी वरच्या कठड्यावर बसले. माझा थोरला मुलगा खाली जाऊन तिथली मोठी घंटा बघून आला, वसईच्या १७३९ च्या मोहिमेतली म्हणतात. मला वरून नदी, झाडं आणि कुणाचीही घाई नसलेला अर्धा तास मिळाला. मागं राहायचं म्हणजे आपण काहीतरी चुकवलं असं वाटून घेतलं की पाय उगाच पुढं पडतात.

प्रतापगड आणि सज्जनगड सरळ वगळा, गाडी वरपर्यंत गेली तरी पायऱ्या उरतातच. वेण्णा लेकला घोड्यावर बसायचं नाही हे सांगायला नको, पण होडीही नको. हलत्या होडीत पाय टाकतानाच तोल जातो. फुलांच्या दिवसांत कास पठारावर जाणार असाल तर गाडीतळापासून चालणं आहे आणि वाट चिखलाची.

दुसऱ्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वर. सासूबाईंचा जन्म सगळा कृष्णेच्या काठी गेला, तिचा उगम त्यांना बघायचाच होता. पंचगंगेच्या देवळात अनवाणी जायचं आणि आत दगडी फरशी कायम ओली. मी ननंदेचा दंड धरून, टाच न उचलता, पाऊल सरकवत चालले. गोमुखापर्यंत गेले नाही, आतल्या ओट्याला टेकून उभी राहिले. सासूबाईंनी बाटलीत पाणी भरलं आणि लांबूनच हाताने "आलेच" केलं. ते पाणी पिण्यासाठी नव्हे हे आधीच बजावलं होतं.

चूक झाली ती त्यानंतर. परतताना घाटात गर्दी, गाडी तास-दीड तास मुंगीच्या पावलांनी. थांबायला जागा नाही म्हणून मी पाणी पिणं सोडलं. रात्री नऊला पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. दुखत नव्हतं, पण घट्ट व्हायचं, सुटायचं, पुन्हा व्हायचं. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, पाणी जातंय का, लाल दिसतंय का, बाळ हलतंय का. मग म्हणाल्या, दोन मोठे ग्लास पाणी, लघवी करून या, डाव्या कुशीवर पडा आणि घड्याळ लावून मोजा. तासात चारच्या वर गेल्या किंवा दुखायला लागल्या तर मला परत फोन करत बसू नका, तडक दवाखाना. यांनी कागदावर वेळा लिहिल्या: नऊ सतरा, नऊ एकोणचाळीस, दहा आठ. नंतर काही नाही. खोट्या कळा होत्या. पण तो तास फार मोठा होता.

त्या रात्री कामाला आली ती फाईल. तपासणीचं कार्ड, रक्तगट, शेवटची सोनोग्राफी, गोळ्यांची चिठ्ठी, सगळं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये, आणि ती डिकीतल्या बॅगेत नाही, माझ्या पर्समध्ये. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आपण नेमके कुठं आहोत हे सांगता यायला हवं. राहत्या जागेचा पत्ता यांनी आणि ननंदेनं दोघांनीही मोबाईलमध्ये लिहून ठेवला होता. अंगावरून लाल किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्याला-हातांना अचानक सूज, यातलं काहीही असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

तिसऱ्या दिवशी कुठंही गेलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी सातला निघालो, गर्दीच्या आधी. थोरल्याला वेळ जावा म्हणून मी वहीत गाडी किती वेळा थांबली याच्या रेघा मारायला बसवलं होतं. घरी पोचल्यावर त्याने सगळ्यांना वाचून दाखवलं: जाताना सात, येताना नऊ. मग वही उलटी करून म्हणाला, "येतानाच्या नऊमधल्या चार आजोबांच्या."