जुन्या जमीन दस्तऐवजांतून घराण्याचा माग

गोव्यात घराण्याचा माग काढायचा तर सुरुवात आजच्या एक-चौदाच्या उताऱ्यापासून, म्हणजे जमीन कोणाच्या कब्जात आहे ते दाखवणाऱ्या सरकारी नोंदीपासून करा. गाव, सर्वे क्रमांक आणि हिश्श्याचा क्रमांक लागतो. कब्जेदाराच्या रकान्यात अनेकदा पणजोबांचेच नाव असते, कारण वारसांनी फेरफार केलेला नसतो. तुम्हांला तेच हवे आहे. कूळ (जमीन कसणारा) आणि इतर हक्कांचे रकानेही उतरवून घ्या.

हा उतारा ज्या सर्वेवरून निघतो तो १९७० च्या दशकातला. त्यामागे जायचे तर पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीचे पुस्तक पाहावे लागते: ‘देस्क्रिसांव’मध्ये जमिनीचे वर्णन, ‘इन्स्क्रिसांव’मध्ये मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ते. इथेच बहुतेकजण अडतात, कारण सर्वे क्रमांक आणि देस्क्रिसांव क्रमांक यांचा मेळ बसत नाही. मेळ बसतो तो जागेच्या नावाने आणि चतुःसीमेने. पूर्वेला ओहोळ, दक्षिणेला अमक्याची बाग, असे चारही बाजूंचे शेजारी ताडून पाहा.

नावे मात्र ओळखू येत नाहीत. कामत तिथे ‘कामोतीं’ होतात, प्रभू ‘पोरोब’, शेणवी ‘सिनाय’. मुलाच्या नावाला बापाचे नाव जोडलेले असते, त्यावरून पिढ्यांची साखळी लावता येते.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे वारसा वाटणीचा ‘इन्व्हेन्तारियु’. त्यात मृताचे सगळे वारस येतात, मुलीसुद्धा, कारण गोव्याच्या कायद्यात मुलींनाही वाटा आहे. वंशावळीत गळालेल्या आत्या नेमक्या इथे सापडतात.

पेडणे, डिचोली, सत्तरी भागातले जुने कागद मोडीतही मिळतात. पणजीच्या पुराभिलेख खात्यात जाताना मोडी वाचणारा सोबत न्या.