ड्रुपल की वर्डप्रेस? क्लार्क काकांनी ठरवलं

ड्रुपल आणि वर्डप्रेस ही वेबसाइट चालवायची सॉफ्टवेअर. आमच्या कॉलेजची साइट ड्रुपल ७ वर होती आणि त्याचा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ला संपला. नवं ड्रुपल घ्यायचं की वर्डप्रेस, यावर समितीच्या दोन मीटिंगा नुसत्या चहात गेल्या. शेवटी मी दोन्हींवर चाचणीची साइट उभी केली आणि ऑफिसातल्या क्लार्कना म्हटलं, "काका, परीक्षा फॉर्मची नोटीस लावून दाखवा." वर्डप्रेसवर त्यांनी मला एकदाच हाक मारली. ड्रुपलवर चष्मा काढून टेबलावर ठेवला. ठरलं!

(ड्रुपल वाईट नाही. पण सांभाळायला जाणता माणूस लागतो. आमच्याकडे तो मीच, तोही तास संपल्यावर.)

वर्डप्रेसमध्ये काकांना 'कॉन्ट्रिब्युटर' ही भूमिका दिली, तर पीडीएफ चढेना. त्या भूमिकेला फाइल अपलोड करताच येत नाही. 'ऑथर' केल्यावर जमलं. मग १० एमबीची स्कॅन केलेली नोटीस अडली. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिची अपलोड मर्यादा मूळची २ एमबी. ती १६ केली, तरी ढिम्म. एका वेळी सर्व्हरला पाठवायच्या एकूण डेटाची वेगळी मर्यादा (post_max_size) ८ वरच होती, तीही वाढवली.

नव्या साइटवर पानांचे पत्ते बदलल्याने नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) अहवालात दिलेल्या जुन्या लिंका मात्र तुटल्या. एकेक ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय) लावण्यात दिवाळीची सुट्टी गेली.