अटारीचा ई.टी. खेळायचाय? आधी खड्ड्यातून वर यायला शिका

जगातला सगळ्यात वाईट गेम कोणता असं विचारलं की अटारी २६०० ह्या टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम मशीनवरच्या ई.टी.चं नाव हमखास निघतं, आणि नाव घेणाऱ्या बहुतेकांनी तो पाच मिनिटं खेळून, चारदा खड्ड्यात पडून बंद केलेला असतो. मी तो कितीतरी वेळा पूर्ण केलाय आणि माझं मत ठाम आहे, एकदा तरी नीट खेळाच. ई.टी. म्हणजे त्याच नावाच्या सिनेमातला परग्रहावरचा प्राणी, खड्ड्यांत विखुरलेले फोनचे तीन तुकडे गोळा करून त्याने यानाला फोन लावायचा आणि घरी जायचं, एवढाच गेम. १९८२ च्या नाताळात दुकानात पोचायलाच हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ ह्या प्रोग्रामरला जेमतेम ५ आठवडे दिले होते. सगळा गेम ८ किलोबाइटचा, आपल्या फोनमधला साधा फोटोसुद्धा ह्याच्या कितीतरी पट मोठा असतो. न खपलेली कार्ट्रिज, म्हणजे गेम भरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या, पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली, त्यातली काही २०१४ मध्ये उकरून काढली.

कॉम्प्युटरवर स्टेला हा फुकटचा एम्युलेटर, म्हणजे अटारीची नक्कल करणारा प्रोग्राम, टाका. बाणांनी चालायचं, स्पेसबार म्हणजे बटण, एफ १ ने गेमचा नंबर बदलतो, एफ २ ने सुरू होतो.

नंबर ३ निवडा. त्यात ई.टी.चा दोस्त एलियट हा मुलगा सोडला तर दुसरा माणूसच नाही, पाठलाग नाही. "खरी मजा नंबर १ लाच" असं सांगणाऱ्यांचं पहिल्या दिवशी ऐकू नका.

आता पुस्तिका वाचा, नेटवर मिळते. त्या काळात गेमच्या आत काही शिकवत नसत, सगळं पुस्तिकेत असायचं. ती न वाचता खेळलात तर वरच्या पट्टीत बदलणारी चिन्हं म्हणजे काय हेच कळणार नाही, आणि सगळा गेम त्या चिन्हांवर आहे. ज्या जागी उभे आहात तिथे बटण दाबल्यावर काय होईल ते चिन्ह सांगतं. बाण आला की त्या दिशेच्या स्क्रीनवर उडी, आणि प्रश्नचिन्ह आलं की बटण दाबा, ह्या स्क्रीनवरच्या खड्ड्यांत फोनचा तुकडा असेल तर तिथे ठिपका लुकलुकतो. प्रश्नचिन्ह सापडल्याशिवाय एकाही खड्ड्यात मुद्दाम उतरू नका. खाली ९९९९ पासून एनर्जीचा आकडा असतो आणि तो प्रत्येक पावलाला कमी होतो.

आता खड्डे. मी स्वतः इथेच कित्येक संध्याकाळी घालवल्यात. पहिली गोष्ट, पाय गवतावर आहेत म्हणून आपण वाचलो असं इथे नसतं, ई.टी.चं डोकं जरी खड्ड्याच्या कडेला लागलं तरी गेम म्हणतो पडला. त्यामुळे खड्ड्याच्या खालच्या बाजूने जाताना पायाकडे बघू नका, डोक्याकडे बघा आणि चांगलं अंतर ठेवा. दुसरी, पडायला लागलात की लगेच बटण दाबा, मान लांब होते, तो तरंगत अलगद उतरतो आणि एनर्जी वाचते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वर यायला बटण दाबून मान लांब करायची आणि वरचा बाण धरायचा, इथपर्यंत सगळेच सांगतात. मला एकाने सांगितलं होतं की बाहेर येईपर्यंत वरचा बाण सोडूच नकोस, आणि त्या सल्ल्यामुळे मी एकाच खड्ड्यात लागोपाठ सहा-सात वेळा पडलो. अहो, स्क्रीन बदलते तेव्हा ई.टी. अजून खड्ड्याच्या काठालाच असतो, तुम्ही वर दाबत राहिलात की डोकं परत कडेला लागतं आणि परत खाली! स्क्रीन बदलली त्या क्षणी वरचा बाण सोडा, एक श्वास थांबा, मग हलकेच डावीकडे किंवा उजवीकडे सरका. हे बोटांत बसेपर्यंत फोन-बिन विसरा, एकच खड्डा धरा आणि दहा वेळा उतरून वर या.

तीन तुकडे झाले की फोन करायची जागा शोधा, घड्याळ सुरू होईल, ते संपायच्या आत जंगलात यान उतरायच्या जागेवर जाऊन उभे राहा.

एकदा घरी पोचलात की मग नंबर १ लावा. तिथे एफबीआयवाला फोनचे तुकडे पळवतो आणि शास्त्रज्ञ तुम्हालाच उचलून नेतो, म्हणून त्यातला कोणी स्क्रीनवर दिसला की खड्ड्याच्या काठावर घुटमळू नका.