साईटवर माणूस पडला, आता काय करायचं? पहिल्या तासापासून कोर्टापर्यंत

मी सात-आठ वर्षं पुण्यात बांधकामाच्या साईटवर हजेरी लिहायचं काम केलं, म्हणजे सकाळी आठला गेटवर टेबल टाकून बसायचं आणि कोण बिगारी, कोण मिस्त्री, कोण सेंट्रिंगवाला, कोणाचा हाफ डे, सगळं वहीत उतरवायचं. त्या काळात बघितलेला एक केसपेपर अजून डोक्यातून जात नाही. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून आमचा एक गवंडी पडला, मांडीचं हाड मोडलं, सुपरवायझरने त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि पेपरवर लिहून आणलं, "घरी जिन्यावरून पडले". आता हा माणूस राहायचा लेबर कॅम्पात, पत्र्याच्या खोलीत. तिथे जिना आला कुठून? पण त्या एका ओळीने दीड वर्ष खाल्लं, कारण ठेकेदाराचा वकील प्रत्येक तारखेला तोच कागद वर करायचा.

मोठा अपघात झाला की टीव्हीवर येतं. 2023 मध्ये शहापूरला समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लॉंचर कोसळून 20 जण गेले, 2019 ला कोंढव्यात भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून 15 गेले, तेव्हा मंत्री आले, मदत जाहीर झाली. पण एकटा माणूस लिफ्टच्या डक्टमध्ये पडतो तेव्हा कोणी येत नाही, त्याच्या घरच्यांना सगळं स्वतःच करावं लागतं, म्हणून हे क्रमाने लिहितोय.

पहिला दिवस: दवाखाना आणि ती एक ओळ

आधी उपचार, हे सांगायला नको. पण जमेल तर सरकारी दवाखान्यात न्या, आणि प्रायव्हेटमध्ये नेलं तरी एमएलसी करायला सांगा, म्हणजे दवाखाना पोलिसांना कळवतो आणि त्याची नोंद राहते. डॉक्टर विचारतात "कसं लागलं", तिथे उत्तर देणारा माणूस घरचा किंवा सोबत काम करणारा पाहिजे, सुपरवायझर नको. साईटचं नाव, मजला, वेळ, कशावरून पडला, हे सगळं बोला आणि लिहिलेलं वाचून घ्या. वाचता येत नसेल तर फोटो काढून गावाकडच्या कुठल्यातरी पोराला पाठवा, तो दोन मिनिटात वाचून सांगतो. चुकीचं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा, डिस्चार्जनंतर कोणी हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशीपर्यंत: फोटो, वही, साक्षीदार

साईटवर अपघाताची जागा चोवीस तासात बदलते. रेलिंग लागतं, डक्टवर फळी येते, नवी कोरी हेल्मेटं वाटली जातात, मी स्वतः बघितलंय. त्यामुळे सोबतच्या कोणाला तरी सांगून त्याच दिवशी फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा. गेटवरचा बोर्ड विसरू नका, बिल्डर कोण, आर्किटेक्ट कोण, महारेरा नंबर (प्रकल्पाचा सरकारी नोंदणी नंबर) काय, हे सगळं त्या बोर्डावर असतं आणि पुढे नोटीस कोणाला पाठवायची ते तिथूनच कळतं.

मग हजेरी. खरी भांडणं इथेच होतात, कारण ठेकेदार पहिल्या दिवसापासून एकच वाक्य म्हणतो, "हा आमच्याकडे कामाला नव्हताच." हजेरीच्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आठवड्याची खर्ची फोनपेवर आली असेल तिचे मेसेज, मुकादमाचे व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज, गेटपास, साईटवर हेल्मेट घालून काढलेला एखादा सेल्फी, काहीही चालतं. आणि बायांचं वेगळंच असतं. आमच्याकडे नवरा-बायको जोडीने कामाला यायचे, हजेरी नवऱ्याच्या नावावर, पैसेही त्याच्याच हातात, मग बाई घमेलं घेऊन पडली तर कागदावर ती साईटवर नसतेच. मी पण तसंच लिहायचो, सांगितलं होतं तसं. तुमची बायको किंवा बहीण साईटवर जात असेल तर तिचं नाव वेगळ्या ओळीत लिहायला लावा, आजच.

सोबतच्या दोन माणसांचे गावचे पत्ते आणि नंबर घ्या, कारण सीझन संपला की ती माणसं दुसऱ्या शहरात जातात.

पोलीस

चौकीत जाऊन जबाब द्या, पंचनामा करायला सांगा आणि त्याची कॉपी मागा. निष्काळजीपणाने दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 125 लागतं, मृत्यू झाला तर 106, आणि बांधकाम किंवा पाडकामात काळजी घेतली नाही म्हणून 290 पण आहे. पोलीस कधीकधी "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही" असं लिहून सही मागतात, माणूस आयसीयूत असतो आणि घरचे देऊन टाकतात. देऊ नका. बाकी एक लक्षात ठेवा, गुन्हा दाखल झाला नाही तरी भरपाई मागता येते, ती गाडी वेगळ्या रुळावर चालते.

सही करायला सांगतील तो कागद

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी गोड बोलत येतो, पन्नास हजार, लाखभर रोख, आणि एक स्टॅम्प पेपर, "मला पूर्ण रक्कम मिळाली, यापुढे काही मागणी नाही". पैसे घ्यायची वेळ येते, दवाखान्याचं बिल समोर असतं, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल धरला जातो, आणि मृत्यूच्या केसमध्ये तर मालकाने भरपाई परस्पर घरच्यांच्या हातात देऊन चालतच नाही, ती भरपाईच्या केसेस चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, तिथून वाटप होतं. म्हणजे अंगठा दिला असेल तरी सगळं संपलं असं समजून गप्प बसू नका. आणि पैसे घेतलेच तर कागदावर "उपचारासाठी उचल" असं लिहून घ्या.

आता भरपाई: किती आणि कोणाकडून

जुन्या लोकांच्या तोंडी अजून 1923 चा कामगार भरपाई कायदा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड लागू झाले आणि तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशोबाची पद्धत तीच राहिली. यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, काम करताना कामामुळे लागलं एवढं पुरे. "बेल्ट लावला नव्हता", "दारू प्यायला होता" हे मालक म्हणणारच, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर या सबबी चालत नाहीत.

हिशोब असा. मृत्यूला पगाराचे 50 टक्के, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 60 टक्के, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. पगार कितीही असला तरी 2020 पासून महिना 15,000 पर्यंतच धरतात. समजा 30 वर्षांचा मिस्त्री, रोज 700, महिन्याचे 26 दिवस म्हणजे 18,200, पण धरायचे 15,000. तिसाव्या वर्षाचा आकडा 207.98. मृत्यू झाला तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. कायमचा पूर्ण निकामी झाला तर 9,000 ने गुणा, 18,71,820. अंगठा गेला तर कायद्याच्या यादीत 30 टक्के लिहिलेत, म्हणजे या 18,71,820 चे 30 टक्के, 5,61,546. आता हे आकडे बघा आणि तो पन्नास हजारवाला कागद आठवा.

हाड जुळेपर्यंत घरी बसावं लागलं तर दर पंधरा दिवसाला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के, वर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, म्हणून मेडिकलवाल्याची चिठ्ठीसुद्धा टाकू नका.

टक्केवारीवर भांडायला शिका. डॉक्टर शरीराचं अपंगत्व लिहितो, पण बघायचं असतं कमाईची ताकद किती गेली ते. एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि कोर्टाने म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के. पन्नासेक वर्षं झाली या निकालाला, आजही चालतो. सेंट्रिंगवाल्याचा पाय वाकत नसेल तर तो परांचीवर चढणार कसा, हे डॉक्टरकडून सर्टिफिकेटवर लिहून घ्या.

कोणाकडून मागायचं? फक्त मुकादमाच्या मागे लागू नका, त्याच्याकडे काही नसतं. बिल्डरने स्वतःच्या धंद्याचं काम ठेकेदाराला दिलं असेल तर बिल्डरकडूनही मागता येतं, मग ते आपसात बघून घेतील. साईटची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगारांच्या भरपाईसाठी मालकाने काढलेला विमा, आहे का ते विचारा आणि असेल तर इन्शुरन्स कंपनीलाही पार्टी करा. मात्र कोणी स्वतःच्या राहत्या घराचं काम दिलं असेल तर तो घरमालक सहसा यात येत नाही, तिथे ठेकेदारच.

दोन फाटे इथे फुटतात. एक, ईएसआयचा (सरकारी कामगार विमा योजनेचा) हप्ता कापला जात असेल तर मालकाकडून ही भरपाई मिळत नाही, ईएसआय देतं, आणि घरी बसल्याचे पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत देतं. दुसरा, साईटवर डंपर किंवा ट्रान्झिट मिक्सरने उडवलं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जाता येतं, तिथे 15,000 ची अट नाही त्यामुळे रक्कम जास्त होऊ शकते, पण दोन्हीकडे मागता येत नाही आणि तिथली मुदत सहा महिन्यांची आहे. वकिलाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

अर्ज

आधी मालकाला लेखी नोटीस, रजिस्टर्ड पोस्टाने, पावती जपून. एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवले असतील तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. अर्जाला अपघातापासून दोन वर्षं असतात, पण साक्षीदार तेवढे थांबत नाहीत. अर्ज कुठे करायचा ते जिल्ह्यावर आहे, कुठे कामगार न्यायालय, कुठे दिवाणी न्यायालय वरिष्ठ स्तर, विचारून घ्या. माणूस पुण्यात पडला म्हणून पुण्यातच खेटे घालायचे असं नाही, तुम्ही परभणीत राहत असाल तर तिकडेही अर्ज करता येतो, हे बऱ्याच वकिलांनाही आठवण करून द्यावं लागतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं, फोन 15100. बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग यांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, बाकीच्या बहुतेकांना महाराष्ट्रात तीन लाखांच्या आत उत्पन्न पाहिजे. "मिळतील त्यातले वीस टक्के माझे" म्हणणारा भेटला तर उठून या, निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला वकिलांना बंदी आहे.

मंडळाचे पैसे वेगळे

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर कामावर अपघाती मृत्यूला वारसाला 5 लाख मिळतात, आणि हे मालकाच्या भरपाईतून वजा होत नाहीत. नोंदणीला वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा. फी एक रुपया आहे, एजंट हजार मागतो. लोक नोंदणी करून पेटी आणि भांडी घेतात आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरतात, मग नेमकं त्याच वर्षी काहीतरी होतं आणि कार्ड बंद निघतं. कार्डावरची तारीख बघून ठेवा.

निकाल लागल्यावर मालक हायकोर्टात जाईन म्हणून घाबरवतो. जाऊ दे. अपील करायला त्याला पूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते आणि त्याचं सर्टिफिकेट अपिलाला जोडावं लागतं. तुमच्या वकिलाला सांगा, पहिल्या तारखेला तेच बघायचं, सर्टिफिकेट जोडलंय का.